रुग्णाचे छायाचित्र : काटछाट आणि आकारमान

मुंबईच्या उपनगरांतील वैद्यांना छायाचित्रासाठी आता वेगळा कॅमेरा बाळगावा लागत नाही. तो खिशातील मोबाईलमध्येच असतो. श्वित्र, विचर्चिका, दुष्ट व्रण अशा व्याधींत चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र केसपेपरसोबत ठेवणे उपयुक्त ठरते. मुलुंडच्या वैद्यांनी पाठविलेले व्रणाचे छायाचित्र बोरिवलीचे वैद्य काही क्षणांत पाहू शकतात. तथापि, पाठविण्यापूर्वी त्याची काटछाट होते किंवा आकार लहान केला जातो. या दोन क्रिया एकच समजल्या जातात. त्यांतील भेद ध्यानी न घेतल्यास कधी पुरावा नष्ट होतो, तर कधी रुग्णाची गुप्तता. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

संगणकीय छायाचित्र हे रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. १२ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात आडवे ४००० आणि उभे ३०००, असे १ कोटी २० लाख ठिपके असतात. क्रॉप करणे म्हणजे कडेचा नको असलेला भाग कापणे. उरलेल्या भागाचे तपशील जसेच्या तसे राहतात. रिसाइझ करणे म्हणजे संपूर्ण दृश्य कमी ठिपक्यांत बसविणे; येथे दृश्य पूर्ण राहते, परंतु बारकावे जातात. गेलेले बारकावे चित्र पुन्हा मोठे करून परत येत नाहीत.

औषधालयचालकांसाठी एक उदाहरण घेऊ. ८० मिलिमीटर रुंदीच्या लेबलवर २ मिलिमीटर उंचीचे अक्षर आहे. लेबल ४००० पिक्सेल रुंदीत भरले असेल, तर त्या अक्षराला १०० पिक्सेल मिळतात. तेच चित्र ४०० पिक्सेलवर आणल्यास अवघे १० उरतात. वेलांट्या आणि मात्रा त्यात पुसट होतात, आणि बॅच क्रमांक किंवा मुदत वाचता येईनाशी होते. अशा वेळी संपूर्ण बाटलीचे चित्र लहान करण्याऐवजी लेबलचा आवश्यक भाग क्रॉप करून पाठवावा. छपाईसाठी सामान्यतः प्रत्येक इंचास ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ३ इंच रुंद चित्रास ९०० पिक्सेल पुरेसे होतात.

व्रणाच्या बाबतीत मात्र काटछाट जपून करावी. केवळ व्रण ठेवून भोवतीची त्वचा कापली, तर शोथ, वैवर्ण्य आणि व्रणाची कड यांचे आकलन होत नाही. भोवतालची काही निरोगी त्वचा चौकटीत असावी आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. पूर्वीचे व नंतरचे चित्र सारख्याच अंतरावरून, सारख्याच उजेडात घ्यावे आणि सारख्याच प्रमाणात कापावे. एक चित्र जवळून व दुसरे दुरून दाखविल्यास व्रण भरला नसतानाही लहान दिसतो. रिसाइझ करताना लांबी-रुंदीचे प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. अन्यथा वर्तुळाकार मंडल लंबगोल दिसेल.

गुप्ततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. डोळ्यांवर काळी पट्टी टाकल्याने ओळख लपतेच असे नाही. गोंदण, दागिना किंवा जन्मखूण यांवरूनही व्यक्ती ओळखता येते. शिवाय कापलेला भाग नेहमी नष्ट होतोच असेही नाही. पॉवरपॉइंट वा वर्डमध्ये क्रॉप केलेल्या चित्राचा झाकलेला भाग फाइलमध्येच राहतो. परिसंवादानंतर ती फाइल इतरांना दिली, तर रुग्णाचा चेहरा कोणीही पुन्हा उघडू शकतो. त्यासाठी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेला भाग कायमचा काढण्याचा पर्याय निवडावा लागतो. २०२३ साली गूगलच्या पिक्सेल मोबाईलमधील आणि विंडोज ११ मधील काटछाटीच्या साधनांतही असाच दोष उघडकीस आला होता. कापलेल्या चित्रातील मूळ माहितीचा काही अंश परत मिळविता येत होता. तो दोष नंतर दुरुस्त करण्यात आला. सुरक्षित मार्ग असा की, आधी पेंटसारख्या साध्या प्रोग्राममध्ये काटछाट करून नव्या नावाने जतन करावे आणि मगच ते चित्र सादरीकरणात घालावे.

मोबाईलमध्ये स्थाननोंद चालू असल्यास चित्राच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठविल्यास ते आकुंचित होते. डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास मूळ फाइल जशीच्या तशी, त्या नोंदीसह जाते. म्हणून कॅमेऱ्याची स्थाननोंद बंद ठेवणे श्रेयस्कर.

आमच्या मते क्रम असा असावा : प्रथम रुग्णाची लेखी संमती, मूळ चित्र अबाधित ठेवून त्याची प्रत काढणे, प्रतीवर आधी काटछाट, नंतर आकारबदल, आणि शेवटी एकदाच जतन. जेपीईजी चित्र बदलून पुनःपुन्हा जतन केल्यास दर वेळी थोडी गुणवत्ता घटते. तसेच चिकित्सेच्या नोंदीसाठी घेतलेली चित्रे जाहिरातीत वापरू नयेत. औषधे आणि जादूटोणादी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात श्वित्राचाही समावेश आहे, हे औषधनिर्मात्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी छायाचित्र केवळ दर्शनास साहाय्य करते, तेही अंशतः. तो अंश प्रामाणिक राहावा आणि रुग्णाने विश्वासाने दाखविलेले इतरांसमोर उघडे पडू नये, एवढी दक्षता वैद्याने घेतलीच पाहिजे.