दोन पानं, वीस तारा आणि एक चावी

मेटॅलिका या अमेरिकन बँडचा 'सेंट अँगर' हा अल्बम २००३ मध्ये आला, तेव्हा गाण्यांच्या बरोबरीने चर्चा झाली ती एका ड्रमच्या आवाजाची. लार्स उलरिक या ड्रमरने स्नेअर ड्रमच्या तळाशी असणाऱ्या तारा सोडून ठेवल्या होत्या. त्यामुळे नेहमीच्या कडक, चरचरीत फटक्याऐवजी पत्र्याच्या डब्यावर काठी मारावी तसा टणत्कार अल्बमभर ऐकू येत राहिला. अनेक चाहत्यांना तो आजही खटकतो. ड्रम, वादक, काठ्या यांपैकी काहीच वाईट नव्हतं. तारा सोडणारा एक खटका खाली केलेला होता, एवढंच.

स्नेअर हे असं नाजूक प्रकरण आहे. ड्रमसेटमध्ये तो वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध असतो आणि रॉक किंवा पॉप गाण्यात चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो. शाळेच्या बँडमधला साइड ड्रम आणि पोलीस बँडमध्ये गळ्यात अडकवलेला ड्रम त्याच्याच घराण्यातले. ड्रमच्या खोक्याला वरून एक पान, म्हणजे ताणलेला पडदा, आणि खालून एक पान. खालचं पान वरच्यापेक्षा कितीतरी पातळ असतं आणि त्याला चिकटून साधारण वीस वेटोळ्या तारांची पट्टी ताणलेली असते. वर काठी पडली की आतली हवा खालच्या पानाला ढकलते. पान तारांना उडवतं आणि तारा परत पानावर आपटतात. हे क्षणभरात अनेकदा होतं आणि त्यातूनच तो चरचराट निघतो. गणेशोत्सवातला ताशाही कडकडतो, पण त्याला तारा नसतात. तिथे सगळी धार घट्ट ताणलेल्या पानाची आणि बारीक काड्यांची असते.

नव्या वादकाची पहिली अडचण इथेच सुरू होते. स्नेअर 'सुरात लावायचा' म्हणजे नेमकं काय करायचं? तबला कोणत्या सुरात लावायचा ते ठरलेलं असतं. स्नेअरचं तसं नाही, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. गोल, सर्वत्र सारख्या जाडीच्या पडद्यावर आघात केला की मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात, त्यांचं मूळ स्वराशी प्रमाण १.५९, २.१४, २.३० असं आडनिडं पडतं. तंतुवाद्यात हेच प्रमाण दोन, तीन, चार असं सरळ असतं, म्हणून तिथे सूर स्वच्छ ऐकू येतो. तबल्याच्या पुडीवरची शाई पडद्याचं वजन अशा खुबीने वाटते की त्याचे उपस्वरही जवळजवळ सरळ प्रमाणात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे मांडलं होतं. स्नेअरच्या पानाला शाई नाही. त्याला उंची असते, भरीवपणा असतो, पण तबल्यासारखा ठाम सूर मिळत नाही. म्हणून ड्रमर शोधतो तो पानाच्या कडेने सगळीकडे सारखा ताण, दोन पानांचं आपसातलं योग्य नातं आणि गाण्याला शोभणारी उंची.

हे कौशल्य तबलजीला परकं वाटू नये. हातोडी घेऊन पुडीभोवती फिरत प्रत्येक घराचा सूर जुळवणारा कान इथेही तेच काम करतो. फरक इतकाच, की गट्ठ्यांच्या जागी स्क्रू असतात आणि हातोडीच्या जागी चावी.

पूर्वी ही पानं वासराच्या कातड्याची असत. दमट हवेत ती सैल पडत, कोरड्या हवेत ताणली जात, आणि एकाच कार्यक्रमात आवाज बदलून जाई. १९५० च्या दशकात पॉलिएस्टरची फिल्म आली, १९५७ मध्ये रेमो बेली यांनी अमेरिकेत आपली कंपनी सुरू केली आणि थोड्याच वर्षांत कातडं बहुतेक ड्रमसेटवरून हद्दपार झालं. मुंबईच्या जुलै महिन्यातही आजचं पान लावलेला ताण बऱ्यापैकी टिकवून धरतं. गंज चढतो तो तारांना आणि स्क्रूंना. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यायला हवं.

आता निवडीचं. बहुतेक स्नेअर १४ इंच व्यासाचे असतात, खोली साधारण ५ ते ६.५ इंच. उथळ ड्रम चटकन बोलतो आणि चटकन थांबतो. खोल ड्रमचा आवाज भरदार असतो. मेपलचं लाकूड उबदार, पितळ आणि पोलाद झळाळणारं, असं दुकानात सांगितलं जातं आणि ढोबळमानाने ते बरोबर आहे. बीटल्सच्या रिंगो स्टारकडे ५.५ इंच खोलीचा लाकडी लुडविग होता, तर लेड झेपलिनच्या जॉन बॉनमकडे ६.५ इंचांचा अ‍ॅल्युमिनियमचा लुडविग सुप्राफोनिक. दोघांचे आवाज एकमेकांत कधी मिसळणार नाहीत. पण या फरकाचं सगळं श्रेय खोक्याला देणं चूक ठरेल. रिंगो स्टुडिओत ड्रमवर चहाचे टॉवेल टाकून वाजवत असे, त्यामुळे घुमारा मरून ठोका तेवढा उरायचा. बॉनमचं पान मोकळं घुमत असे. १९७१ मध्ये आलेल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठी तर त्याचा ड्रमसेट हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या दालनात मांडला होता आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. त्या ध्वनिमुद्रणात जे कानांवर आदळतं, त्यात त्या दालनाच्या भिंतींचा वाटा मोठा आहे.

म्हणून महागडा ड्रम घेण्याआधी हातातल्या ड्रमची पानं बदलून पाहावीत. काठ्यांच्या माराने वरच्या पानाच्या मध्यावर खळगा पडतो. असं पान कितीही पिळलं तरी मोकळं बोलत नाही. वरच्या पानासाठी पांढरा खरखरीत लेप असलेलं एकपदरी पान ही सर्वांत भरवशाची सुरुवात आहे. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते आणि त्या खरखरीवरच ब्रशने वाजवण्याची जॅझमधली सळसळ अवलंबून असते. जोरदार वाजवणाऱ्यांनी दोनपदरी पान घ्यावं, ते टिकतं आणि घुमारा कमी करतं. खालचं पान मात्र पाव मिलिमीटरच्याही तिसऱ्या हिश्श्याइतकं पातळ असतं आणि ते खास स्नेअरच्या तळासाठीच बनवलेलं घ्यावं लागतं. चुकून वरचं जाड पान खाली लावलं तर तारा जवळजवळ मुक्या होतात.

जुना ड्रम विकत घेताना तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. पानं काढून खोक्याची कड सपाट काचेवर किंवा फरशीवर टेकवावी, ती डुगडुगता कामा नये. प्रत्येक स्क्रू बोटांनी सहज फिरायला हवा. आणि तारा सोडणारा-लावणारा खटका घट्ट बसायला हवा, कारण सगळ्यात आधी तोच बिघडतो.

चावी फिरवण्याचं काम खालच्या पानापासून सुरू करावं. तारा काढून ठेवाव्यात, सगळे स्क्रू बोटांनी जेमतेम टेकतील इतके घट्ट करावेत आणि मग चावीने अर्धा-अर्धा फेरा द्यावा. एकापाठोपाठ एक असे गोल फिरत जाऊ नये. एक स्क्रू झाला की त्याच्या बरोबर समोरचा घ्यावा, नाहीतर पान एका बाजूला ओढलं जातं. मग पानाच्या मध्यावर बोट हलकेच टेकवून प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने टिचकी मारत फिरावं. जिथे आवाज खाली जाईल तिथे थोडं घट्ट करावं, जिथे वर जाईल तिथे थोडं सोडावं. खालचं पान चांगलं कडक हवं. पातळ आहे म्हणून नवखे वादक त्याला ताण द्यायला घाबरतात आणि मग वरच्या पानाशी झगडत बसतात. ढिल्या, पसरट स्नेअरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ ज्या पानावर काठी कधीच पडत नाही त्या पानात असतं.

वरचं पान त्याच पद्धतीने, पण हळूहळू वर न्यावं. अगदी सैल पानाचा आवाज जाड आणि लोळत येणारा. थोडं वर गेलं की अंगात भरीवपणा येतो, आणखी वर गेलं की फटका टोकदार होतो. अति ताणलं तर आवाज आक्रसतो. तिथून पाव फेरा मागे यावं. वर चढायला ताण झपाट्याने वाढवावा लागतो, कारण स्वराची उंची ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक सप्तक वर जायचं तर ताण चौपट हवा.

शेवटी तारा. त्या लावून अगदी हलक्या ठोक्यांनी वाजवावं आणि सैल फडफड थांबेपर्यंतच तारांच्या ताणाचा स्क्रू फिरवावा. त्यापुढे पिळलं तर तारा पानाला दाबून धरतात आणि बारीक ठोके गिळले जातात. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० च्या गाण्यात क्लाइड स्टबलफील्डने मुख्य फटक्यांच्या मधल्या जागांत पेरलेले हळुवार ठोके ऐकावेत. ते ऐकू येतात कारण तारा इतक्या हलक्या स्पर्शालाही उत्तर देतात. पट्टी जोराने आवळलेल्या ड्रमवर ते काम अशक्य आहे.

ड्रमसेटमधल्या शेजारच्या टॉम या ड्रमवर काठी मारली की स्नेअर आपोआप गुणगुणू लागतो, हा त्रास प्रत्येक ड्रमरला होतो. टॉमचा स्वर आणि स्नेअरच्या खालच्या पानाचा स्वर जवळ आले की असं घडतं. टॉम थोडा वर किंवा खाली नेला की गुणगुण कमी होते. तारांच्या दोन्ही टोकांजवळचे स्क्रू किंचित सैल करण्याचाही उपयोग होतो. थोडी गुणगुण राहिलीच तर राहू द्यावी, पूर्ण बँडमध्ये ती बुडून जाते. पानाच्या घुमाऱ्याचंही तेच. खोलीत एकट्याने वाजवताना तो कानाला टोचतो, पण त्यावर ढीगभर चिकटपट्टी लावून मंचावर गेलेला ड्रमर गिटारांच्या गर्दीत ऐकूच येत नाही. आधी पूर्ण बँडबरोबर वाजवून, समोर दूर उभ्या असलेल्या कुणाला तरी ऐकायला सांगावं आणि मगच पट्टीचा पहिला तुकडा कापावा.

ज्यांच्या घरी किंवा शाळेच्या बँडच्या खोलीत स्नेअर पडून आहे, त्यांनी तो या आठवड्यात एकदा उलटा करून पाहावा. खालचं पान पिवळं, सैल किंवा सुरकुतलेलं असेल, तारा गंजल्या असतील, तर या दोन वस्तू आधी बदलाव्यात. नव्या ड्रमच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी थोडा आहे.