युद्धातून विस्थापित झालेल्यांना मदत : समज आणि वस्तुस्थिती

युद्धामुळे घर सोडावं लागलेल्या माणसांचा विषय निघाला की डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. युरोपच्या किनाऱ्याकडे निघालेली गच्च भरलेली बोट, नाहीतर पांढऱ्या तंबूंची लांबच लांब रांग. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण बहुसंख्य विस्थापितांचं आयुष्य त्यांत मावत नाही. ही चित्रं मनात धरून केलेली मदतही मग भलतीकडे जाते. म्हणून सुदानचं उदाहरण घेऊन काही समज तपासून पाहणं गरजेचं वाटतं.

१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचं लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात राजधानी खार्तूममध्ये लढाई जुंपली. त्या वेळी भारताने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून सुमारे ३,८०० भारतीयांना सुखरूप मायदेशी आणलं. त्यानंतर आपल्या बातम्यांतून सुदान जवळजवळ नाहीसा झाला. लढाई मात्र थांबली नाही. २०२४ अखेरीस १ कोटी ४० लाखांहून अधिक सुदानी माणसं विस्थापित होती. म्हणजे जवळपास दर तिघांमागे एक.

ही माणसं श्रीमंत देशांकडे धाव घेतात, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात यांतली बहुतेक माणसं सुदानमध्येच एका गावातून दुसऱ्या गावात गेली. ज्यांनी सीमा ओलांडली त्यांनी गाठलं ते चाड, दक्षिण सुदान आणि इजिप्त. चाड तर जगातल्या अतिगरीब देशांपैकी एक. जगभरातही दोनतृतीयांश निर्वासित शेजारच्या देशातच थांबतात. देशातच विस्थापित झालेल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार सीमेपलीकडे गेलेल्यांनाच लागू होतो. देशात राहिलेल्यांची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या सरकारवर असते, आणि सुदानमध्ये लष्कराच्या हातातलं ते सरकारच युद्धातला एक पक्ष आहे.

सगळे छावण्यांत राहतात, हेही खरं नाही. बरेच जण नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत किंवा बंद पडलेल्या शाळेत राहतात. ज्या घरात आधीच सहा माणसं होती तिथे पंधरा झाली, तर मदतीची गरज यजमानालाही असते. छावण्यांवरच नजर ठेवणाऱ्याला हे घर दिसत नाही.

सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज म्हणजे मदत बाहेरून येते, विमानातून उतरते. सुदानमध्ये सगळ्यांत आधी धावून आले ते शेजारी. गल्लीगल्लीतल्या तरुण-तरुणींनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाचे गट उभे केले. त्यांतले अनेक जण २०१९ च्या जनआंदोलनातल्या मोहल्ला समित्यांत काम केलेले होते, त्यामुळे कोणत्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. तिथे त्यांना ‘तकाया’ म्हणतात. मोठ्या पातेल्यांत डाळ शिजते, कडधान्य शिजतं, ज्वारीच्या पिठाची ‘असिदा’ घाटली जाते. परदेशातले सुदानी फोनवरच्या बँक ॲपने पैसे पाठवतात आणि त्यातून त्या दिवसाचं सामान येतं. या कार्यकर्त्यांना दोन्ही बाजूंनी अटक झाली, त्यांच्यातले काही मारले गेले. २०२५ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली आणि यांतली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. स्थानिक माणसं राबायला तयार होती, कमी पडला तो पैसा. हे मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं.

आपल्याकडे मदत म्हटलं की जुने कपडे, चादरी आणि बिस्किटांचे पुडे गोळा होतात. त्यामागची भावना खरी असते. पण हे सामान निवडायला, बांधायला, देशाबाहेर न्यायला जो खर्च येतो, त्यात तिथल्या बाजारातून कितीतरी जास्त विकत घेता येतं. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्यांच्या कडेला नकोशा कपड्यांचे ढीग पडले होते. बाजार चालू असेल तिथे रोख रक्कम उत्तम. रोख हातात आली की लोक उधळतात, ही भीती अनुभवाने खोटी ठरवली आहे. बहुतांश पैसा अन्न, भाडं, औषधं आणि कर्जफेडीवर जातो. कोणाला बाळाचं दूध हवं असतं, कोणाला मधुमेहाची गोळी. ते त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मात्र रोख हाही सर्व ठिकाणी चालणारा उपाय नाही. सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर प्रांतातल्या एल फाशर शहराला दीड वर्ष वेढा पडला होता. बाजारात मालच येईना, तेव्हा पैसे असून उपयोग नव्हता. लोकांनी ‘अंबाझ’ खाल्लं. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड, जी आपण जनावरांना घालतो. शहराजवळच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच दुष्काळाची स्थिती अधिकृतपणे निश्चित झाली होती. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या हाती पडलं.

‘मदत मधल्यामध्येच खाल्ली जाते’ हा आक्षेप खोटा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुदानमधल्या वाद मदनी शहरात संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. सुमारे १५ लाख माणसांना महिनाभर पुरेल एवढं धान्य त्यात होतं. पण लुटीवर बोट ठेवताना अडवणूक विसरली जाते. चाडमधून दारफूरला जाणारा, आद्रे या सीमेवरच्या गावाचा रस्ता २०२४ मध्ये फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत सुदान सरकारने मदतीसाठी बंद ठेवला होता. २०२५ साठी संयुक्त राष्ट्रांनी सुदानकरता ४२० कोटी डॉलर मागितले, त्यातले निम्मेही जमले नाहीत. मदत हडप होते त्याहून अधिक ती पोचूच दिली जात नाही, किंवा मुळात दिलीच जात नाही.

पोट भरलं म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवावं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकललेले सुमारे ५,००० पोलिश लोक इराणमार्गे इथे आले. बहुतेक बायका-मुलंच. १९४३ ते १९४८ ते इथे राहिले. त्या वसाहतीत बराकी होत्या, तशाच शाळा होत्या, रुग्णालय होतं, चर्च होतं. पाच वर्षांत त्या मुलांचं शिक्षण थांबलं नाही, म्हणून पुढे कुठल्याही देशात गेल्यावर त्यांना नव्याने उभं राहता आलं. सुदानमध्ये मात्र युद्धामुळे लाखो मुलांची शाळा सुटली आहे.

द्यायचंच असेल तर वस्तू नको, पैसे द्या. थोडे चालतील, पण नियमित द्या आणि अमुकच वस्तूसाठी वापरा अशी अट घालू नका. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि युनिसेफ भारतातून देणग्या स्वीकारतात. आणि सुदानची बातमी पुन्हा दिसेल तेव्हा ती शेवटपर्यंत वाचा.