बर्ड फ्लू : ज्यांचा मालक नाही त्यांचा पंचनामा कोण करणार?

नवापूर म्हटले की आम्हा कापडवाल्यांना सुरतेचा रस्ता आठवतो. तेथील रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात तर अर्धे गुजरातेत आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी याच नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातील ती पहिली नोंद. शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यावरही तीच पाळी आली. त्या दिवसांत सुरतेहून आलेल्या आमच्या गाठी एका दुकानदाराने दोन दिवस बाहेर उन्हात ठेवायला लावल्या, कारण काय तर ट्रक नवापूरवरून आला होता! कापडाला कोंबडीचा रोग लागत नाही हे सांगता सांगता आम्ही थकलो. मात्र ज्यांची रोजी कोंबडीवर होती त्यांची आमच्याकडची उधारी ईदपर्यंत फिटली नाही, आणि मागण्याची आमचीही हिंमत झाली नाही.

तरीसुद्धा कोंबडीवाल्याच्या नुकसानीला एक कागद होता. सरकारी माणसे आली, पक्षी मोजले, पंचनामा झाला, दर पक्ष्यामागे ठरलेली भरपाई मंजूर झाली. ती पुरेशी होती की नाही हा वेगळा प्रश्न. हाच रोग पुढे समुद्रावर गेला आणि तेथे जे घडले त्याचा असा कागद कोठेच होत नाही. व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण हेच.

मुळात हा रोग समुद्रातून आला नाही. ज्या विषाणूने आज जग व्यापले आहे त्याचा पूर्वज १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसामध्ये सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारांत तो पसरला. १८ माणसे आजारी पडली, त्यांतील ६ दगावली, आणि शहरातील सर्व कोंबड्या माराव्या लागल्या. २००५ मध्ये चीनच्याच चिंगहाय सरोवरावर हजारो जंगली पक्षी, विशेषतः पट्टकदंब हंस, या रोगाने मेले. म्हणजे पिंजऱ्यातला रोग मोकळ्या आकाशात गेला. आता प्रत्येक साथीत बोट दाखवले जाते ते स्थलांतरित पक्ष्यांकडे. ते रोग वाहून नेतात हे खरे आहे. पण त्यांना तो प्रथम कोठून मिळाला हेही हिशेबात धरले पाहिजे. उधारी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच खात्यावर लिहावी, शेजाऱ्याच्या नव्हे.

२०२२ च्या नोव्हेंबरात हा विषाणू दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर पोहोचला. हा किनारा व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथील बेटांवर पाणकावळे, बूबी आणि पाणकोळी लाखोंच्या संख्येने बसतात. पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे त्यांची विष्ठा वाहून न जाता थरांवर थर साचते. तिला ग्वानो म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपची शेती या खतावर चालत होती आणि पेरूचा खजिना त्यावर भरत होता. चिनी मजुरांकडून हे खत ज्या हालात खणून घेतले गेले ती मोठी लाजिरवाणी कथा आहे. १८६४ मध्ये तर स्पेनने ग्वानोची चिंचा बेटेच ताब्यात घेतली आणि त्यावरून लढाई झाली. साठा संपत आला तेव्हा डोळे उघडले. १९०९ मध्ये पेरूने खास कंपनी स्थापून या पक्ष्यांना संरक्षण दिले. अंडी देणारी कोंबडी मारू नये ही अक्कल त्यांना नुकसान सोसूनच आली. आजही त्या बेटांवर पाळीपाळीने खत काढले जाते.

या पक्ष्यांचे पोट भरते ते अँचोव्ही नावाच्या लहान माशावर. तोच मासा मोठ्या बोटींनी पकडून, वाळवून, दळून त्याची भुकटी जगभर मत्स्यपालनाला आणि जनावरांच्या खाद्याला जाते. कोंबडीखाद्यातही ती वापरली जाते. म्हणजे पाळीव पक्ष्यांच्या ताटात पडला तो या समुद्रपक्ष्यांचाच घास. १९५० च्या दशकात ग्वानोचे पक्षी दोन कोटींच्या घरात होते. पुढे मासेमारी आणि एल निनोने त्यांची संख्या अनेक पटींनी घटली. अशा खंगलेल्या बिरादरीवर बर्ड फ्लू आला. घरटी एकमेकांना खेटून असतात, एखाद्या भरलेल्या शेडसारखीच. काही महिन्यांत पन्नास हजारांहून अधिक पक्षी मेलेले मोजले गेले. जे लाटांबरोबर गेले ते कोणी मोजले?

रोग पक्ष्यांवर थांबला नाही. २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत पेरूच्या वाळूवर तीन हजारांहून अधिक समुद्रसिंह मरून पडले. मग चिली, मग अर्जेंटिना. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हत्ती-सीलची पिल्ले जन्मत होती. त्या हंगामात १७ हजारांहून अधिक पिल्ले मेली. शंभरात पाचसुद्धा जगली असतील तर पुष्कळ. पुढच्या वर्षी किनाऱ्यावर येणाऱ्या माद्याही कमी झाल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत विषाणू अंटार्क्टिकाच्या भूमीवरही आढळला.

येथे व्यापाऱ्याला समजेल असा एक फरक आहे. ब्रॉयलरची एक फेरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांची. शेड धुऊन, काही काळ रिकामी ठेवून पुन्हा पिल्ले भरता येतात. समुद्रपक्ष्याचे तसे नाही. स्कॉटलंडजवळ बास रॉक नावाचा खडक आहे, गॅनेट पक्ष्यांची जगातील सर्वांत मोठी वसाहत. २०२२ मध्ये तेथे हा रोग शिरला. गॅनेट मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि ते पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगे व्हायला पाच-एक वर्षे लागतात. भांडवल बुडाले की उभे राहायला पिढी जाते. जे गॅनेट आजारातून वाचले त्यांतील काहींच्या निळसर डोळ्यांच्या बाहुल्यांभोवतीचा भाग काळा पडलेला आढळला. आपल्या वसुलीवाल्याला असे ग्राहक ओळखायला सोपे गेले असते!

आपला कोकण किनारा यापासून दूर नाही. २०२१ च्या जानेवारीत ठाणे आणि दापोली येथील मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला. २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील चिरनेर गावच्या कोंबड्यांत निघाला. याच उरणच्या पाणथळींवर आणि ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात रोहित पक्षी आणि कुरव उतरतात. पेरूसारखा प्रकार येथे झालेला नाही, अल्लाहचे शुक्र आहे. पण कोंबडी आणि पाहुणा पक्षी यांच्यामध्ये येथे एका बांधाचेच अंतर आहे.

कोंबडीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना म्हणून स्पष्ट सांगतो. आजारी उंट निरोगी उंटांच्या पाणवठ्यावर नेऊ नयेत ही हदीसची शिकवण चौदा शतकांपूर्वीची आहे. शेडमध्ये मरतुक दिसली की घाईने उरलेल्या कोंबड्या कापून माल खपवणे हा धोका आहे, आणि मेलेली कोंबडी विकणे तर उघड हराम. ती ओढ्यात किंवा खाडीत टाकणे म्हणजे रोग भरतीच्या हवाली करणे होय. खोल खड्डा करून चुन्यासह पुरावी. चांगले शिजवलेले मांस आणि अंडी खाण्यास हरकत नाही, हेही ग्राहकाला न घाबरता सांगावे. अफवेने जेवढी दुकाने बसतात तेवढी रोगाने बसत नाहीत. पण खबर दडवली की अफवेलाच बळ मिळते.

किनाऱ्यावर मेलेला पक्षी प्रथम दिसतो तो मच्छीवाल्याला, जाळी वाळवणाऱ्याला, पहाटे बंदरावर जाणाऱ्या हमालाला. एखादा कावळा मेला तर कोणी थांबत नाही. पाच-दहा एकदम पडलेले दिसले तर उघड्या हाताने उचलू नयेत, कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तेथून नमुने तपासणीला जातात आणि शेवटची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. सडलेल्या पक्ष्याचा नमुना उपयोगाचा नसतो, म्हणून खबर त्याच दिवशी द्यावी.