सुट्या भागांची विजेची गिटार

मिरजेचा तंबोरा ज्यानें जवळून पाहिला असेल, त्यास वाद्याचा आवाज कोठें वसतो हें निराळें सांगावयास नको. तारेचा क्षीण कंप घोडीवाटे तबलीस पोंचतो आणि भोपळ्याच्या पोकळींत भरदार होऊन बाहेर पडतो. म्हणून भोपळा निवडणें, त्याची जाडी ओळखणें, हें पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें कसब आहे. चार रविवारांत तें कोणास साधावयाचें नाहीं. विजेच्या गिटारीची गोष्ट वेगळी. तिला पोटच नाहीं. तिचें अंग म्हणजे पावणेदोन इंच जाडीची एक भरीव फळी. आणि या उणेपणामुळेंच, ज्यानें कधीं वाद्य बनविलें नाहीं असा मनुष्यही पेटींतून आलेले सुटे भाग जोडून आपली पहिली गिटार उभी करूं शकतो.

मग आवाज येतो कोठून? तारांखालीं लोहचुंबकाच्या सहा लहान कांड्या असतात व त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे असतात. यास पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत हालली कीं वेढ्यांत अल्पशी वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलेला नियम तो हाच. तार सेकंदास ११० वेळां कंपली तर वीजही तितक्याच वेळां मागेंपुढें होते. ती वाढविण्याचें काम अॅम्प्लिफायरचें. तंबोऱ्याची पितळी तार येथें लावली तर ती जवळजवळ मुकीच राहील, कारण चुंबकास तिची ओळख नाहीं.

या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत जॉर्ज बोशाँ यास १९३७ सालीं मिळालें. परंतु सुट्या भागांची कल्पना ज्याच्या हातून दृढ झाली तो लिओ फेंडर हा वादक नव्हता. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं तो रेडिओ दुरुस्त करीत असे. १९५० सालीं त्यानें बाजारांत आणलेल्या गिटारींत दांडी अंगास सरसानें चिकटविलेली नव्हती, ती चार स्क्रूंनीं आवळलेली होती. बिघडलेला भाग काढावा व दुसरा बसवावा, ही रेडिओवाल्याची दृष्टि. वाद्यकारांना ती प्रथम रुचली नसल्यास नवल नाहीं. पण आज घरोघर जुळविल्या जाणाऱ्या गिटारी बहुधा त्याच चार स्क्रूंवर उभ्या आहेत.

पेटी उघडल्यावर रंगाचा डबा हातीं घेण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. आधीं सर्व वाद्य कोरडेंच जुळवून पाहावें, कारण येथें एकच चूक अशी आहे कीं ती सहजीं निस्तरत नाहीं, आणि ती घोडीच्या जागेची. दांडीच्या टोकाच्या नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढें अंतर, तेवढेंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत असावें लागतें. फेंडरच्या मापांत तार २५½ इंच, म्हणजे बारावा पडदा बरोबर १२¾ इंचांवर. पडद्यांवर तार दाबली कीं ती किंचित् ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून प्रत्यक्षांत, विशेषतः जाड तारांची लांबी, थोडी अधिक ठेवावी लागते. घोडीवरील लहान स्क्रूंनीं तार पुढेंमागें करण्याची सोय असते. मात्र घोडीच पाव इंच पुढें ठोकली गेली तर ती सोय संपते आणि वरच्या पडद्यांवर ती गिटार कधींच सुरांत येत नाहीं. मग भोंकांत लांकडाच्या खुंट्या सरसानें बसवून पुन्हां पाडावीं लागतात. याकरितां भोंक पाडण्यापूर्वी दोन बाहेरील तारांच्या जागीं दोरे ताणून बांधावे व ते दांडीच्या दोन्ही कडांपासून सारखे राहतात कीं नाहीं हें पाहावें. दोरा एका बाजूस झुकला तर दोष बहुधा दांडीच्या खांचेंत असतो. तो तेथेंच दूर करावा.

रंगाविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. जाड पॉलिश-पेपरापासून बारीक पॉलिश-पेपरापर्यंत लांकडाच्या रेषेच्या दिशेनें घांसावें, आणि दांडी बसावयाच्या खांचेंत रंग जाऊं देऊं नये. तेथें रंगाचा थर चढला कीं आधीं नीट बसलेली दांडी बसेनाशी होते.

विजेच्या जोडणींत सोल्डरचा डाख चकचकीत उतरला पाहिजे. तो निस्तेज व दाणेदार दिसला तर सांधा नीट तापला नव्हता असें समजावें. असा सांधा महिन्या-दोन महिन्यांत खरखर करूं लागतो. घोडीखालून एक तार जमिनीच्या जोडणीकडे नेलेली असते. नवशिके ती हटकून विसरतात आणि मग गिटार सतत गुणगुणते. या तारेमुळें वादकाचा हात तारांवर पडतांच गुणगुण कमी होते. पण त्याच तारेमुळें वादकाचें शरीर अॅम्प्लिफायरशीं जोडलें जातें, म्हणून ज्या अॅम्प्लिफायरचें अर्थिंग तपासलेलें नाहीं, विशेषतः जुना व्हॉल्व्हचा, त्यास ही गिटार लावूं नये. विजेचा धक्का येथें जिवावर बेतूं शकतो.

सहा पोलादी तारांचा मिळून ताण शंभर पौंडांच्या आसपास असतो आणि दांडी त्यानें पुढें वांकते. तिच्या पोटांत एक पोलादी सळई बसविलेली असते. ती एका वेळीं अष्टमांश फेऱ्याहून अधिक आवळूं नये. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर व दाबून निघणारा स्वर ताडून पाहावे. दाबलेला चढा लागला तर तार लांब करावी, उतरला तर आखूड.

सतारीवर हात फिरलेल्या घरांत एक गोष्ट मात्र खटकेल. सतारीचा पडदा सरकवितां येतो. गिटारीचे पडदे ठोकून बसविलेले. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळें शुद्ध गांधार नैसर्गिक गांधाराहून सुमारें चौदा सेंट चढा लागतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हार्मोनियमवर हाच आक्षेप होता, आणि ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्याला दार बंद केलें, त्याच्या कारणांत हेंही एक होतें. गिटारींत निदान तार बाजूस ओढून मींड घेतां येते. पण ओढल्यानें स्वर केवळ चढतो, उतरत नाहीं. चढा गांधार खालीं आणावयाचा तर एकच उपाय, खालच्या पडद्यावरून तार ओढून कानानें तो गांठणें.

नव्या तारा पहिले कांहीं दिवस ताणत राहतात आणि नवें लांकूडही स्थिरावत असतें, म्हणून हीं सर्व मापें पंधरा दिवसांनीं पुन्हां घ्यावीं, आणि पावसाळा लागल्यावर एकदां.