पाण्याखालची नोकरी – भाग 4 : कानावर चालणारं पोट

गेल्या आठवड्यात आपण शिडी पाहिली. ओपन वॉटर, अॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर आणि मग इन्स्ट्रक्टरची परीक्षा. तिला बसायचं तर वहीत किमान 100 डाइव्हची नोंद हवी. समजा, तेही झालं आणि कार्ड हातात आलं. मग आमच्यासारखे पुष्कळजण पहिली नोकरी शोधायला जिथे जातात तिथेच आज जाऊ : कोह ताओला.

थायलंडच्या आखातातलं हे बेट जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं. विमानतळ नाही, चुंफोनहून बोटीने दोनेक तास लागतात. 1933 ते 1947 या काळात इथे राजकीय कैदी ठेवत. आता जगभरची तरुण पोरं स्वतःच्या खर्चाने येतात आणि वर्ष-दोन वर्षं अडकून पडतात. नवशिक्यांना डाइव्हिंग शिकवणं हाच बेटाचा मुख्य धंदा. उबदार पाणी, किनाऱ्याजवळच प्रवाळ, आणि तीन-चार दिवसांत उरकणारा ओपन वॉटर कोर्स.

इथे नोकरी मिळाली की घरच्यांना वाटतं, पोरगा रोज मासे बघतो. मासे विद्यार्थी बघतात. इन्स्ट्रक्टर बघतो ते विद्यार्थ्यांचे डोळे. मास्कच्या काचेमागे बुबुळं मोठी झाली, श्वासाचे बुडबुडे भराभर सुटू लागले, की हा आता वर पळणार हे ओळखायचं आणि तो पळायच्या आत त्याच्या दंडाला धरायचं. श्वास रोखून वर धावणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं, म्हणून ही सगळी राखण.

पण या नोकरीतलं खरं भांडवल म्हणजे कान. पृष्ठभागावर दाब एक वातावरण, 10 मीटरवर दोन, 20 मीटरवर तीन. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, पुढच्या दहामध्ये फक्त दीडपट. उथळ पाणी सोपं असं आपण धरून चालतो. कानांना विचाराल तर तेच सगळ्यांत छळवादी, आणि नवशिक्यांना शिकवायचं असतं नेमकं तिथेच. कोर्समध्ये एक कसरत आहे : हवा संपली असं मानून 6 ते 9 मीटरवरून, तोंडाने सतत सोडत्या उच्छ्वासासह सावकाश वर यायचं. ती एका वेळी एकालाच करून घ्यायची असते. चार विद्यार्थी असले की इन्स्ट्रक्टर चार वेळा वर, चार वेळा खाली. रहाटगाडग्याचं पोहरं बरं, त्याला कान नसतात.

आणि सर्दी झाली तर? कानाच्या नळ्या सुजतात, नाक दाबून फुंकलं तरी कान मोकळे होत नाहीत. गोळी खाऊन उतरणारे असतात. मीही उतरलो आहे, एकदाच. गोळीचा अंमल खाली असतानाच उतरला आणि वर येताना हवा कानात कोंडली. पुढचे दहा दिवस किनाऱ्यावर बसून काढले. बसून काढले म्हणजे बिनपगारी, कारण बहुतेक ठिकाणी पैसे डोक्यामागे मिळतात : जेवढे विद्यार्थी, तेवढी कमाई. म्हणून भाषा हे दुसरं भांडवल. जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्याकडे गट आपसूक येतात. भारतीय पर्यटक वाढल्यापासून हिंदीलाही भाव आला आहे. मराठीत मात्र मी अजून एकदाच शिकवलं, पुण्याच्या एका जोडप्याला. पाण्याखाली खुणाच करायच्या असतात, पण वर आल्यावर ‘जमलं हो!’ ऐकायला बरं वाटलं.

कागदपत्रांचं मात्र सरळ सांगतो. पर्यटक म्हणून मिळालेल्या मुक्कामावर काम करता येत नाही. बिझनेस व्हिसा हवा आणि वर्क परमिट हवं. ते परमिट त्या मालकाशी बांधलेलं असतं. एका परदेशी माणसामागे साधारणपणे चार थाई कामगार पगारावर असावे लागतात, त्यामुळे छोट्या दुकानांना सगळ्यांचे कागद करणं परवडत नाही. मग ‘करू नंतर’ असं तोंडी आश्वासन मिळतं. त्यावर टाकी उचलू नका. पकडले गेलात तर दंड आणि परत पाठवणी तुमची, दुकान दुसऱ्या दिवशी उघडंच असतं.

ऋतूंचं गणित मात्र गमतीचं आहे. मालवणला नैऋत्य मोसमी वारे सुटले की जूनपासून बोटी वर ओढतात. त्याच महिन्यांत कोह ताओचं पाणी शांत असतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये युरोपच्या सुट्ट्यांची गर्दी उसळते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा पाऊस आखाताला झोडपतो, तेव्हा मालवण खुलं होतं आणि थायलंडचाच पश्चिम किनाराही. सिमिलान बेटांचं राष्ट्रीय उद्यान ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं, मेच्या मध्याला बंद होतं. कागदावर बघाल तर तारकर्लीच्या पोराने आठ महिने घरी आणि चार महिने तिकडे काम करावं, इतकं हे चपखल बसतं. आडवं येतं ते मालकाला बांधलेलं परमिट. चार महिन्यांसाठी ते करून द्यायला कोण तयार होणार?

आणि घरून अवेळी फोन आला तर? लागोपाठ दिवस डाइव्ह केल्यावर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, कारण अंगात साठलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. वडील आजारी असले तरी नियम तोच. त्यातल्या त्यात बरं इतकंच की या बेटावरून बँकॉक गाठायला बोट, बस आणि वाट बघणं यातच त्यातले निम्म्याहून जास्त तास निघून जातात.

पुढच्या आठवड्यात : मालदीवची बोट, जिथे घर आणि कामाची जागा एकाच डेकवर असते.