ताकद स्नायूंची, हुकूम चेतापेशीचा

जिममध्ये ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ मसलची चर्चा रंगते, पण त्यांना कामाला लावणाऱ्या चेतापेशींचा विषय सहसा निघत नाही. मज्जारज्जूतली किंवा मेंदूच्या खोडातली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून एक ‘मोटर युनिट’ होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूच्या युनिटमध्ये दहाच्या आसपास तंतू असतात, पोटरीच्या मोठ्या स्नायूत हजाराहून अधिक.

गैरसमज : चालताना मंद तंतू राबतात, पळू लागलो की ते थांबतात आणि जलद तंतू सुरू होतात.
वस्तुस्थिती : मंद तंतू थांबत नाहीत, त्यांच्या जोडीला जलद तंतू येतात. लहान चेतापेशी थोड्याशा इशाऱ्यावर जाग्या होतात आणि त्यांच्याकडे सहसा चिवट, मंद तंतू असतात. जोर वाढवावा लागला की मोठ्या चेतापेशी आपले जलद तंतू घेऊन उतरतात. एलवूड हेनेमन यांनी १९५७ मध्ये हा क्रम मांडला.

गैरसमज : दंड भरल्याशिवाय ताकद वाढत नाही.
वस्तुस्थिती : पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः चेतासंस्थेची कमाई असते. जास्त युनिट कामाला लागतात, इशारे भराभर जातात. म्हणूनच फक्त उजव्या हाताने डंबेल उचलले, तरी डाव्या हाताचीही ताकद थोडी वाढते. दंड त्यानंतर सावकाश भरतो.

गैरसमज : तंतूंचा प्रकार जन्मजात असतो, तो बदलत नाही.
वस्तुस्थिती : आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण शेवटचा शब्द तिचा नाही. जॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मांजरांच्या पायातल्या मंद आणि जलद स्नायूंच्या नसा अदलाबदल करून जोडल्या. मंद स्नायू चपळ झाला, जलद स्नायू मंदावला. व्यायामाने इतकी उलथापालथ होत नाही. मात्र पटकन थकणारे जलद तंतू अधिक दमदार बनतात.

गैरसमज : उतारवयात रोजचे चालणे पुरते.
वस्तुस्थिती : हृदयासाठी चालणे उत्तमच. पण वयानुसार काही चेतापेशी मरतात. त्यांच्या पोरक्या तंतूंपैकी काहींना शेजारच्या चेतापेशी सांभाळून घेतात, बाकीचे नष्ट होतात. जलद तंतू अधिक रोडावतात आणि सपाटीवर रमतगमत चालताना त्यांना फारसे बोलावणे येत नाही. म्हणून जिने चढणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे वजन उचलणे याचीही जोड हवी. पाय घसरल्यावर तोल सावरायला क्षणात लागणारा जोर याच जलद तंतूंकडून येतो.