वीसपर्यंत पाठ, पण चार म्हणजे किती?

तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर एक ते वीस घडाघडा म्हणून दाखवतं आणि गणिताचा पाया पक्का झाला असं घरच्यांना वाटतं. त्याच मुलापुढे शेंगदाण्यांची वाटी ठेवून 'मला चार दे' म्हणा. बहुतेकदा ते मूठभर काढून देईल. यात खोडी नसते. अंक ओळीनं म्हणता येणं वेगळं आणि मोजताना शेवटी आलेला अंक म्हणजेच समोरच्या वस्तूंची संख्या, हे उमगणं वेगळं. कॅरेन विन यांनी 1990 मध्ये अशाच 'इतक्या वस्तू दे' पद्धतीनं मुलांना तपासलं. आधी फक्त 'एक' कळतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'; त्यानंतर कधीतरी मोजण्याचं मर्म एकदम ध्यानात येतं. घरानं मदत करायची ती या मधल्या काळात, आणि ती अंक वदवून घेऊन होत नाही.

मग कशानं होते? शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 44 कुटुंबांत, मूल 14 ते 30 महिन्यांचं असताना, पाच वेळा दीड-दीड तास घरातलं बोलणं नोंदवलं. या साडेसात तासांत एका घरी अंकांचे शब्द जेमतेम 4 वेळा आले, दुसऱ्या घरी 257 वेळा. ज्या घरांत ते जास्त आले तिथल्या मुलांना पुढे, चौथ्या वर्षाच्या सुमारास, संख्या अधिक चांगल्या समजत होत्या. समोर दिसणाऱ्या वस्तू मोजणं, त्यातही चार ते दहा वस्तूंचे गट मोजणं, सर्वांत उपयोगी ठरलं. आपण मात्र लहान मूल म्हणून दोन-तीनवरच थांबतो.

यावर रास्त शंका अशी, की अंक जास्त बोलणारे पालक मुळात जास्त शिकलेले असतील, मग श्रेय बोलण्याला कसं द्यायचं? त्या अभ्यासात कुटुंबाची आर्थिक-शैक्षणिक स्थिती विचारात घेतली होती, तरी शंका पुरती फिटत नाही. ती बरीच फिटते रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांच्या 2008 च्या प्रयोगामुळे. अल्प उत्पन्न गटातल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी एक ते दहा घरांच्या सरळ पट्टीवर सोंगटी चालवायला लावली. दान एक किंवा दोनच. सुमारे पाव तासाच्या चार बैठकांत या मुलांची संख्यांची जाण वाढली. अंकांऐवजी रंगांची घरं मिळालेल्या मुलांची वाढली नाही. फरशीवर खडूनं अशी पट्टी आखायला पैसा लागत नाही. सापशिडी नंतर, तिच्या ओळी उलटसुलट वळतात. आणि पाचवर असताना दोन पडले तर 'एक, दोन' न म्हणता 'सहा, सात' म्हणायला लावावं. बारीकशी गोष्ट, पण खेळाचा फायदा त्यावरच अवलंबून असतो.

पाठांतर टाकून द्या, असा याचा अर्थ नाही. क्रम तोंडी नसेल तर मोजणार कशानं? पाढेही हवेतच, फक्त त्यांची पाळी नंतरची. 'आम्हालाच गणिताची धास्ती, आम्ही काय शिकवणार?' ही अडचण जास्त खरी आहे. 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात, गणिताची भीती असलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करत, तेव्हा पहिली-दुसरीतली त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली. क्वचित मदत करणाऱ्यांच्या मुलांत हा परिणाम दिसला नाही. अशा आईबाबांनी वहीच्या वाटेला जाऊच नये. ताटं मांडताना 'आज आजी-आजोबा धरून आपण सहाजण, पाच मांडली, अजून किती?' एवढं विचारावं, आणि उत्तर चुकलं तर मुलाबरोबर बोट ठेवून पुन्हा मोजावं.